खालच्या गल्लीचा हिशेब

हुमनाबादच्या माणसाला संघटना करता येत नाही, असे म्हणणारा या गावात कधी राहिलेला नसावा. जानेवारीत वीरभद्रेश्वराची जत्रा भरते तेव्हा रथापासून दासोहाच्या पंगतीपर्यंत प्रत्येक काम आधीच वाटून घेतलेले असते. दत्तजयंतीला माणिकनगरात परगावचे भाविक लोटतात आणि त्यांच्या पानात वेळेवर वाढले जाते. गणपतीचे मंडळ, मोहरमची कमिटी, उरूस, बसवजयंती, शिवजयंती, आंबेडकर जयंती यांपैकी काही ना काही प्रत्येक गल्लीत आहे. पावतीपुस्तक आहे, खजिनदार आहे, रात्रभर जागणारी पोरे आहेत. वर्गणी चुकवणाऱ्याच्या दारात चार जण उभे राहिले की तो मुकाट्याने खिशात हात घालतो. इतकी शिस्त, इतका पैसा आणि इतके मनुष्यबळ हाताशी असलेल्या गावाला नाली, नळ आणि कचरा या तीन गोष्टी का सुटत नाहीत?

उत्तर तयारच असते. पुरसभा लक्ष देत नाही, निवडून आलेला सदस्य फिरकत नाही, निधी येत नाही. शासनाचा दोष शासनाच्या पदरात घातलाच पाहिजे. पण आज आरोप आपल्यावर आहे. गल्ल्यांच्या, मोहल्ल्यांच्या, वस्त्यांच्या संघटना आपण उभ्या केल्या आणि नागरी प्रश्नाची वेळ आली की त्या एकमेकांविरुद्ध वापरल्या. आपली अडचण शेजारच्या गल्लीत ढकलून द्यायची आणि त्याला विकास म्हणायचे, ही आपली रीत झाली आहे.

नालीचेच बघा. वरच्या अंगाची गल्ली एकत्र येते, निवेदन देते, सदस्याच्या मागे लागते. चार महिन्यांनी सिमेंटची पक्की नाली होते, तिच्यावर फरशा बसतात, नारळ फुटतो, हार पडतात. काम गल्लीच्या शेवटच्या घराशी संपते, कारण मंजुरी तेवढीच होती आणि मागणीही तेवढीच होती. पाणी मात्र तिथे थांबत नाही. आधी कच्च्या नालीत मुरत, रेंगाळत जाणारे सांडपाणी आता गुळगुळीत सिमेंटवरून वेगाने येते आणि पुढच्या वस्तीच्या तोंडाशी मोकळे होते. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की त्या वस्तीतली बाई काय करते? ज्वारीचे पोते विटांवर चढवते, चुलीपुढची राख ओली होण्याआधी काटक्या उचलते, पोरांची दप्तरे खुंटीला टांगते आणि उंबऱ्यावर चिखलाचा बांध घालते. त्याच रात्री वरच्या गल्लीत लोक गॅलरीत उभे राहून म्हणत असतात की यंदा आपल्याकडे पाणी अजिबात साचले नाही.

खाली कोण राहते, हे या भागातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. गावे वसली तेव्हा कोणी कुठे घर बांधायचे हे जातीने ठरवले. गावाचे पाणी जिकडे उतरते तिकडे गावाने आपली नकोशी कामे करणारी माणसे ठेवली. पुढे गाव वाढले. दुष्काळाने, कर्जाने, शेत सुटल्याने आलेली कुटुंबे ओढ्याकाठी आणि माळावर जिथे जागा मिळाली तिथे टेकली. आज नकाशावर जमिनीचा उतार आणि समाजाचा उतार एकमेकांवर ठेवून पाहिले तर दोन्ही रेषा बहुतेक ठिकाणी जुळतील. म्हणून वरच्या गल्लीने फक्त स्वतःपुरती नाली मागणे ही साधी आपमतलबी चूक राहत नाही. शिवाशिव मानत नाही असे सांगणारा माणूस त्याच क्षणी आपले घाण पाणी त्या जुन्याच उंबऱ्यावर नेऊन सोडत असतो. हात न लावता पाळलेली ही अस्पृश्यता आहे, आणि तिच्यावर आपल्या मंडळाचा शिक्का आहे.

पाण्याची गोष्ट वेगळी नाही. नळाला पाणी सुटण्याची वेळ झाली की ज्यांना परवडते ते थेट नळाला मोटार जोडतात. पाइपातला दाब मोटारवाल्यांच्या टाक्यांकडे ओढला जातो आणि शेवटच्या घरातली तोटी नुसती फुसफुसते. हे बेकायदा आहे, हे मोटार लावणाऱ्याला ठाऊक असते. शेजाऱ्यालाही ठाऊक असते, पण तो बोलत नाही, कारण पुढच्या महिन्यात तोही मोटार घेणार असतो. शेवटच्या घरातली मुलगी घागर घेऊन बोअरवर रांगेत उभी राहते आणि तिची पहिली तासिका बुडते. आमच्या घरात पाणी चांगले येते असे म्हणताना ते कोणाच्या घागरीतून येते हे विचारायची पद्धत आपल्या कुठल्याच मंडळात नाही.

आणि ज्यांच्या हातांवर गावाची स्वच्छता उभी आहे त्या पौरकार्मिकांशी आपण कसे वागतो? २३ सप्टेंबरला कर्नाटकात पौरकार्मिक दिन असतो. त्या दिवशी शाल, हार, फोटो. बाकीचे दिवस ओला कचरा, फुटलेली काच, बाळाचे लंगोट, वापरलेली ब्लेड हे सगळे एकाच पिशवीत गाठ मारून त्यांच्यापुढे फेकायचे. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी कचरा घरातच वेगळा करण्याची जबाबदारी आपल्यावर टाकली आणि रहिवासी व बाजार संघटनांनीही त्यात भाग घ्यावा असे स्पष्ट लिहिले. हाताने मैला साफ करून घेण्यावर आणि संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ सालचा आहे. तरी शौचालयाची टाकी भरली की आपण कुणाला हाक मारतो आणि किती रुपयांवर सौदा करतो, हे प्रत्येकाने स्वतःच्या मनाला विचारावे. सौदा करणारा अधिकारी नसतो. तो आपल्यातलाच, देवपूजा करणारा, सण पाळणारा गृहस्थ असतो.

आता आपल्या सर्वांत आवडत्या तक्रारीकडे येतो. आपण उपेक्षित आहोत, ही ती तक्रार. ती खोटी नाही. निझामाच्या राज्यात आपला भाग मागे राहिला. १९५६ साली भाषावार रचना झाली तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्याचे तुकडे पडले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मराठी मुलखात गेले. हुमनाबाद, भालकी, बसवकल्याण, औराद म्हैसूर राज्यात आले. इथला मराठी माणूस म्हणतो, मुंबई आम्हाला विसरली. इथला कन्नड माणूस म्हणतो, बंगळूरला आम्ही दिसत नाही. दोघांनी मिळून, वर्षानुवर्षे ओरडून, एक मोठे यश मिळवले. २०१२ साली संसदेने ९८ वी घटनादुरुस्ती केली, संविधानात ३७१ (जे) हे कलम आले, आणि बिदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर, कोप्पळ, बळ्ळारी या जिल्ह्यांसाठी स्वतंत्र विकास मंडळ, निधीचा न्याय्य वाटा आणि शिक्षण-नोकऱ्यांत स्थानिकांना आरक्षण यांची तरतूद झाली. त्या कलमामागचे तत्त्व एका ओळीत सांगता येते. जो मागे राहिला त्याला आधी द्या.

हे तत्त्व आपण दिल्लीकडून मागितले, बंगळूरकडून मागितले, आणि संविधानात लिहून घेतले. मग तेच तत्त्व आपल्या गावाच्या वेशीच्या आत आणायला आपली जीभ का अडखळते? हुमनाबादमध्ये वरच्या गल्लीने खालच्या गल्लीला कधी म्हटले आहे का, की यंदाची नाली आधी तुमची, कारण तुमच्याकडे एकही नाही? जो न्याय आपण राजधानीकडून हक्काने मागतो तोच शेजाऱ्याला देताना हात आखडता घेतो, तेव्हा आपल्या उपेक्षेच्या सगळ्या भाषणांची किंमत शून्य होते. स्वतःवर झालेला अन्याय ज्याला बरोबर समजतो आणि स्वतः केलेला अजिबात दिसत नाही, त्याला न्याय नको आहे. त्याला फक्त आपली पाळी हवी आहे.

आणि हे आपण कुठे राहून करतो आहोत? तासाभराच्या वाटेवर बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात तिथे बसवण्णा आणि अल्लमप्रभूंच्या भोवती अनुभव मंटप भरत असे, असे परंपरा सांगते. त्यात माचिदेव धुण्याचे काम करणारे होते, चौडय्या नावाडी होते, हरळय्या चामड्याचे काम करणारे होते, आणि अक्कमहादेवींसारख्या स्त्रिया बरोबरीने वाद घालत होत्या. वेगवेगळ्या धंद्यांची, वेगवेगळ्या वाड्यांची माणसे एका जागी बसून आपापल्या जगण्यातून आलेले बोलत, हेच त्या सभेचे मोठेपण. त्या सभेच्या नावाने नव्या भव्य वास्तूची पायाभरणी २०२१ साली झाली. वास्तू उभी राहावी. पण चौडय्या आणि हरळय्यांच्या वंशातल्या माणसाला आपल्या वार्डाच्या बैठकीत आपण शेवटची खुर्ची देत असू, किंवा बोलावतच नसू, तर त्या घुमटाखाली आपण कोणते तोंड घेऊन जाणार?

आपल्या दाराशी तर माणिकनगर आहे. लाडवंतीत १८१७ साली जन्मलेले श्री माणिकप्रभू इथे राहिले आणि १८६५ साली इथेच समाधिस्थ झाले. त्यांचा संप्रदाय सकलमत. कोणत्याही मताचा अव्हेर करायचा नाही, ही त्याची शिकवण. त्यांची पदे मराठीत आहेत, कन्नडात आहेत, हिंदी-उर्दूतही आहेत. त्यांच्या दरबारात हिंदू आणि मुसलमान दोघेही येत. आज त्या पदांवर मान डोलावणारे आपण दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टँकरसाठी हिंदू गल्ली आणि मुसलमान मोहल्ला असे दोन अर्ज घेऊन दोन दारांनी जातो. अर्ज स्वीकारणाऱ्याला याहून सोपे काय असेल? दोघांनाही आश्वासन देऊन पाठवायचे, आणि एकाला दुसऱ्याचे नाव सांगायचे.

बिदरला नौबादची कारेझ आहे. बहामनी काळात जमिनीखालून खोदलेला हा पाण्याचा बोगदा. वरच्या बाजूच्या खडकातले पाणी एका ठरावीक उताराने मैलभर आणि त्याहून पुढे नेणारा. मध्ये मध्ये उभ्या विहिरी, हवेसाठी आणि गाळ काढण्यासाठी. या रचनेत एकट्याचे असे काहीच नव्हते. वर कोणी एक विहीर बुजवली तर खालच्या सगळ्यांचे पाणी गढूळ होणार किंवा थांबणार. नळ आले, बोअर आल्या, आणि लोकांनी त्या उभ्या विहिरींत राडारोडा टाकला, कुठे त्यांच्यावर बांधकाम केले. २०१५ च्या सुमारास अभ्यासक आणि जिल्हा प्रशासन यांनी मिळून गाळ उपसायला घेतला तेव्हा कुठे लोकांना कळले की आपल्या पायाखाली काय होते. पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसांना जे कळले होते ते आपण विसरलो. पाण्याला गल्लीची हद्द नसते, म्हणून पाण्याची व्यवस्थाही गल्लीच्या हद्दीत बसत नाही.

गल्ल्या एकत्र येऊ शकतात का? येऊ शकतात, आणि फार अवघड काळातही आल्या आहेत. १९८४ साली भिवंडी दंगलीत होरपळली. १९८८ पासून तिथे सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने मोहल्ला समित्या उभ्या केल्या. प्रत्येक समितीत हिंदू आणि मुसलमान दोघे, नेमाने बैठक, आणि चर्चा बहुतेक रोजच्या तक्रारींचीच. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. दंगलीच्या रात्री अनोळखी माणसांची मैत्री होत नाही. भिवंडीत ती आधीच्या चार वर्षांत छोट्या छोट्या तक्रारी मिळून सोडवताना झाली होती.

मुंबईतच घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी कचरा वेगळा करून गल्लीतच जिरवायला सुरुवात केली. १९९७ पासून महापालिकेने त्याच धर्तीवर शहरभर गल्लीपातळीच्या नागरी गटांची योजना चालवली. काम चांगले झाले. पण अशा गटांवर एक आक्षेपही आला आणि तो खरा होता. पुष्कळ ठिकाणी हे गट मध्यमवर्गीय इमारतींपुरतेच राहिले. आपल्या रस्त्यावरून फेरीवाले हटवा, झोपड्या हटवा, अशा मागण्यांसाठीही ते वापरले गेले. गल्लीची संघटना शेजारच्या गरिबाला वगळून उभी राहिली की ती कुंपण होते, हे मुंबईने दाखवून दिले. आपण त्याच वाटेने जाऊ नये.

कराचीच्या ओरंगी वसाहतीत १९८० साली अख्तर हमीद खान यांनी वेगळी वाट दाखवली. सरकार येणार नाही हे दिसल्यावर एकेका गल्लीतल्या वीस-तीस घरांनी आपला प्रमुख निवडला, पैसे गोळा केले, आणि तज्ज्ञांच्या सल्ल्याने आपली भूमिगत गटारे स्वतः टाकली. घरातले शौचालय आणि गल्लीतले गटार लोकांनी करायचे, मोठा नाला आणि शुद्धीकरण शासनाने करायचे, अशी त्यांनी कामाची वाटणी केली. पण एक गल्ली गटार टाकून पाणी कुठे सोडणार? पुढच्या गल्लीशी बोलल्याशिवाय तिचे काम पुरेच होत नव्हते. म्हणून गल्ल्या जोडल्या गेल्या. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात तर वस्त्यांच्या संघटनांनी १९८३ साली आपला महासंघच केला आणि महापालिकेचा पैसा कुठे खर्च व्हावा हे ठरवण्यात वाटा मागितला. १९८९ पासून तिथे लोकसहभागातून अंदाजपत्रक ठरू लागले. वाटपाच्या निकषांत लोकसंख्या होतीच, शिवाय ज्या भागात सोयी कमी त्याला जास्त गुण होते. म्हणजे आपल्या ३७१ (जे) मधले तत्त्व त्यांनी गल्लीपर्यंत नेले.

कोणी म्हणेल, कायद्यात तरतूद असती तर केले असते. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू आहे. वार्ड समित्यांचे बंधन तिने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांवर घातले. हुमनाबादसारखे गाव त्या आकड्याच्या कितीतरी खाली आहे. कायद्याने लहान गावांना सक्ती केली नाही, पण बंदीही घातली नाही. जत्रेची कमिटी नेमायला कोणता कायदा लागला होता? माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. ठरलेल्या मुदतीत सेवा देण्याचे बंधन घालणारा कर्नाटकाचा सकाल कायदा २०११ चा आहे. हत्यारे आहेत. ती एकेकट्याने, आपापल्या कामापुरती वापरायची सवय मोडली पाहिजे.

म्हणून माझी मागणी पुरसभेकडे नंतर, आधी मंडळांकडे, कमिट्यांकडे, समाजांच्या पंचांकडे आहे. सर्व मोहल्ल्यांची मिळून एक सामाईक परिषद करा. प्रत्येक मोहल्ल्यातून दोन प्रतिनिधी, त्यांपैकी एक स्त्री, कारण घागर ती वाहते आणि घरात शिरलेले पाणीही तीच उपसते. नालीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या वस्तीला पहिली बैठक द्या. मठात, मशिदीत किंवा मंदिरात नको. त्या वस्तीच्या अंगणवाडीपुढे, उघड्यावर, तिथला वास नाकात घेत बसा. बोला मराठीत, कन्नडात, दख्खनीत. बाजारात आपण तिन्ही भाषांत घासाघीस करतोच. पहिले काम म्हणून सगळ्या नाल्यांचा एक नकाशा काढा आणि प्रत्येक नाली कुठून निघून कुठे सांडते ते त्यावर दाखवा. तो नकाशा घेऊन सगळ्यांच्या सह्यांचा एकच अर्ज द्या, आणि कामांचा क्रम खालून वर लावा. पुढचा मोठा नाला झाल्याशिवाय वरच्या कोणत्याही गल्लीने नवी सिमेंट नाली मागायची नाही, हा ठराव करा. नळाला मोटार लावणार नाही, अशी प्रत्येक मंडळाच्या पदाधिकाऱ्याने सर्वांसमोर शपथ घ्यावी आणि आपल्या घरापासून ती पाळावी. बैठकीत पौरकार्मिकांचा प्रतिनिधी बसवा. त्यांनी मागितलेले हातमोजे, बूट आणि पगाराची तारीख हा विषय कधीही शेवटी ढकलू नका.

यात राजकारण शिरेल, असे सावध लोक म्हणतील. शिरू द्या. आजही राजकारणच चालू आहे, फक्त ते वेगवेगळ्या गल्ल्यांना वेगवेगळे खेळवणारे राजकारण आहे. बावीस मोहल्ले वेगवेगळे गेले तर उमेदवार बावीस आश्वासने देतो आणि एकही पाळत नाही. बावीस मोहल्ले एका कागदावर आले तर तो आकडा मोजतो. काही जण म्हणतील, आमच्या गल्लीचे सगळे ठीक आहे, आम्हाला यात काय मिळणार? त्यांना सरळ सांगावे लागेल. तुमचे ठीक आहे ते दुसऱ्याच्या दारात साचले आहे. त्या डबक्यातला डास तुमच्या गल्लीत यायला तुमच्या अध्यक्षाची परवानगी मागत नाही, आणि साथीचा ताप तुमच्या मुलाचे आडनाव विचारत नाही. पण भीतीपोटी केलेला न्याय फार काळ टिकत नाही. खालच्या वस्तीतला माणूस तुमच्याइतकाच या गावाचा मालक आहे. एवढे एक कारण पुरेसे वाटले पाहिजे.

येत्या गणेशोत्सवात, मोहरममध्ये, जत्रेत प्रत्येक कमिटीने जमलेल्या वर्गणीचा दहावा हिस्सा आपल्या गल्लीबाहेरच्या, आपल्याहून खालच्या वस्तीच्या कामासाठी बाजूला काढावा आणि त्याचा हिशेब चौकातल्या फळ्यावर लिहावा. जे मंडळ एवढे करणार नाही त्याने समाजसेवा हा शब्द आपल्या कमानीवरून पुसून टाकावा. जे करील त्याच्या अध्यक्षाला मी माझ्या हाताने हार घालीन, मग तो कोणत्याही जातीचा, धर्माचा, पक्षाचा असो.